डाव्या गालातली कोळंबी

कोंदा मागावर बसली की तिच्या शेजारी कुणी बसत नसे. प्राईलांगी गावात तशी रीतच होती. बाई माहेरची नक्षी विणत असेल तर तिच्या पाठीशी उभं राहायचं नाही, बाजूला टेकायचं नाही. अगदी बसायचंच असेल तर समोर बसायचं, मागाच्या पलीकडच्या टोकाला. तिथून नक्षी दिसत नाही. विणणारीचं तोंड तेवढं दिसतं.

समोर बाबांग बसायची.

दोघी एकाच सुगीनंतर लग्न होऊन या गावात आल्या होत्या. कोंदा डोंगरापलीकडून, बाबांग किनाऱ्यावरून. दोघींना गावातलं कुणी माहीत नव्हतं, म्हणून त्या एकमेकींना धरून राहिल्या. दुपारी भांडी आवरली की बाबांग आपली सुपारीची टोपली घेऊन कोंदाच्या ओसरीवर यायची. सुपारी फोडायची, पानाऐवजी पानवेलीची हिरवी शेंग मोडायची, चुन्याची डबी मधे ठेवायची. मग दोघी विडा तोंडात धरत. कोंदा कमरेला मागाचा पट्टा बांधे आणि धागे उचलायला लागे. बाबांग समोर बसून चावत राही. बोलणं फारसं नसायचं. लाल थुंकी टाकायला दोघी एकदमच ओसरीच्या कडेला वाकायच्या, आणि तुंगू, कोंदाचा नवरा, आतून म्हणायचा, "आल्या बघा कालव्याच्या दोन तोट्या."

कोंदाची नक्षी तिच्या आईची होती. कोळंबीची. कोळंबी गावात सगळ्याच विणत, पण ही हातभर लांब होती, एका पट्ट्यात एकच. मिशा पार टोकापर्यंत गेलेल्या. पाठीचा बाक डावीकडे. डोळा पोकळ. एवढी लांब आकृती की कुठलीही ओळ दुसरीसारखी नव्हती. हे कापड त्या घराण्यात जिवंत माणूस घालत नसे. मेलेल्याच्या डोक्याला बांधत. आई म्हणायची, तिकडे गेल्यावर चेहरे ओळखू येत नाहीत, कापड ओळखू येतं.

इतर बायका आपली नक्षी काड्यांवर आणि दोऱ्यांवर बांधून ठेवत. असा नमुना आढ्याला टांगलेला असे, हवा तेव्हा काढून त्यावरून विणत. कोंदाच्या आईचाही होता. पण कोंदाच्या मावशीच्या घरातून असाच नमुना एकदा गेला. वर्ष व्हायच्या आत मावशीच्या नक्षीतली हरणं परक्यांच्या खांद्यावरच्या कापडांत दिसू लागली. मावशी त्यानंतर मागावर बसली नाही. कोंदानं हे पाहिलं होतं. आई गेल्यावर तिनं काय केलं, तर आईचा नमुना चुलीत घातला. आधी तो पुरता पाठ केला, मग घातला.

"आता कुणाला चोरायचा असेल तर माझं मुंडकं न्यावं लागेल," ती बाबांगला म्हणाली होती.

"तुझं मुंडकं कोण नेतंय," बाबांग म्हणाली. "वाटेत उवाच खाऊन टाकतील नेणाऱ्याला."

कोंदाला मूल झालं नाही. भावाची एक मुलगी होती, ती बालीला हॉटेलात कामाला गेली आणि तिकडचीच झाली. नक्षी पुढे कुणाला द्यायची हा प्रश्न कोंदानं स्वतःला कधी फार विचारला नाही. कुणी विचारलं तर ती म्हणे, माझ्याबरोबर येईल ती. तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं.

तुंगू गेला तेव्हा त्याला घराच्या उजव्या कोपऱ्यात बसवलं. गुडघे छातीशी, अंगावर कापडांवर कापडं. तिथेच तो राहिला. सकाळी कोंदा त्याच्यापुढे कॉफी ठेवायची, विडा ठेवायची, गावातलं काय काय ते सांगायची. दफन असं लगेच होत नाही. सगळी नाती जमावी लागतात, म्हशी लागतात, घोडे लागतात, थडग्याचा दगड ओढून आणावा लागतो. अखेर कोंदाचा भाऊ हुंगा आणि तुंगूचे पुतणे यांचं जुळलं. मका आणि भात घरात आला की दफन करायचं ठरलं.

माहेरकडून कापडं यायची होती. ती हुंगा आणणार होता. डोक्याचा पट्टा मात्र कोंदानं विणायचा होता, आईच्या कोळंबीचा. त्याशिवाय तुंगूला तिकडे तिच्या माणसांत कुणी बसवून घेणार नव्हतं. निदान कोंदाला तसं वाटत होतं, आणि आईलाही तसंच वाटायचं. तिनं उभ्या धाग्यांचा ताणा लावला. मिशा विणून झाल्या. मग तिची दाढ सुजली.

आधी तिनं लवंग दाबली. मग मिठाच्या पाण्यानं चूळ भरली. मग डावा डोळा बंद होईल इतका गाल सुजला आणि हुंगानं तिला मोटरसायकलवर मागे बसवून आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या नर्सबाई एर्ना गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आपू म्हणायच्या, म्हणजे आजी.

"आपू, डावीकडच्या मागच्या दाढांत जीव उरलेला नाही. काढाव्या लागतील."

"सगळ्या?"

"मागच्या सगळ्या. पुढचे दात राहतील हसायला."

"हसायचं कुणाला आहे. चावायचं आहे."

"चावायचं काही दिवस बंद. आणि विडा तर कायमचाच बंद करा. तोंडाचं काय झालंय बघा."

कोंदानं मान हलवली. विडा बंद करायला सांगणाऱ्या नर्सबाई काही पहिल्याच नव्हत्या.

दाढा निघाल्या, सूज उतरली. कोंदा मागावर बसली. बाबांग समोर येऊन बसली. कोंदाच्या तोंडात काही नव्हतं. तिनं पहिली ओळ घेतली. बोटं ताण्यावर गेली आणि तिथेच थांबली.

तिला वाटलं, बरेच दिवस हात लावला नाही म्हणून असेल. ती आधीची ओळ चाचपत बसली. तिचे डोळे केव्हाच धुरकट झाले होते, मोतीबिंदू होता, पण त्याचं तिला कधी अडलं नव्हतं. ती बोटांनी विणायची. आता बोटांना काही सुचत नव्हतं. मिशांच्या नंतर काय? डोकं. डोकं कुठल्या धाग्यापासून? तिला कोळंबी अख्खी दिसत होती, मनात, जशी आईच्या कपाळावर बांधली होती तशी. पण तिच्यात शिरायला वाट नव्हती.

"राहू दे आज," बाबांग म्हणाली. "चेहरा बघ तुझा, पिठासारखा झालाय."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्याही.

बाबांगनं घरून छोटा खलबत्ता आणला. दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी असतो तसला. ती कोंदाचा विडा त्यात कुटायची. सुपारी, शेंग, चुना, सगळं एकजीव. मग बोटानं काढून कोंदाच्या हातावर ठेवायची. कोंदा ते जिभेखाली धरायची. चव होती, लाली होती, डोकंही थोडं गरगरायचं. पण बोटं हलायची नाहीत.

एका दुपारी बाबांग आली नव्हती. कोंदाला भूक लागली म्हणून तिनं भाजलेला मका घेतला आणि उजव्या दाढांनी हळूहळू चावायला लागली. मागाचा पट्टा कमरेला तसाच होता. चावता चावता तिची बोटं ताण्यावर चालायला लागली. ती दचकली, पण थांबली नाही. बोटं जात होती. मात्र ती धागे सोडत जात होती. दोन सोड, तीन सोड, एक सोड. मधे जिथे उचलायचे तिथे नुसती रिकामी जागा. एक हिसका, आणि पुढे.

मक्याचा घास तिनं डावीकडे ढकलला. तिथे नुसती हिरडी होती. दाब देताच कळ मस्तकात गेली. पण त्या कळेच्या आधी, अगदी क्षणभर, तिच्या बोटांनी चार धागे उचलले होते.

मग तिला समजलं. डावीकडे चावलं की उचल, उजवीकडे चावलं की सोड. जितके चावे तितके धागे. आईनं तिला विडा तोंडात घेऊनच शिकवलं होतं. आपण गालानं मोजतो हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतःचं तोंड स्वतःला कुठे दिसतं. नक्षी डोक्यात ठेवलीय असं ती जन्मभर समजत होती. ठेवली होती डाव्या दाढांत, आणि त्या दाढा आरोग्य केंद्राच्या पत्र्याच्या बादलीत गेल्या होत्या.

जखम दाखवायला गेली तेव्हा तिनं नर्सबाईंना हे सांगितलं. सांगताना तिला जरा लाज वाटली.

एर्नाबाई हसल्या नाहीत. "चावताना डोक्याकडे रक्त जास्त जातं म्हणतात. त्यानं आठवणीला मदत होते, असंही काही जण म्हणतात. आमच्या वर्गात एक मुलगी होती, परीक्षेच्या आधी कुरमुरे खात बसायची. आता ते कुरमुऱ्यांनी व्हायचं की तिचा अभ्यासच होता, ते देवाला माहीत."

"मग दाढा परत लावता येतात?"

"खोट्या लावता येतात, आपू. शहरात. पण हिरडी भरायला वेळ लागतो. दफन कधी आहे?"

कोंदानं सांगितलं.

"तोवर नाही होणार," एर्नाबाई म्हणाल्या.

त्या दुपारी कोंदानं समोर बसलेल्या बाबांगला विचारलं, "तुला ठाऊक होतं? मी विणताना कशी चावते ते?"

बाबांग खलबत्त्यात कुटत होती. "काय ठाऊक असायचंय. चावतेस तशी चावतेस. म्हशीसारखी."

"डावीकडे, उजवीकडे."

"मग चावायला तिसरी बाजू असते का?"

तिनं वर पाहिलं नाही. कोंदाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढंच तिच्या लक्षात आलं की त्या दिवशी कुटलेला विडा नेहमीपेक्षा बारीक होता. जिभेवर ठेवताच विरघळला.

मका घरात आला. भात झोडपून झाला. एके दिवशी हुंगा वाइंगापू शहरातून परतला तो सरळ कोंदाच्या ओसरीवर चढला. त्याच्या बगलेत प्लॅस्टिकची पिशवी होती.

"ताई, काम झालं तुझं. आता डोळे फोडत बसू नकोस."

त्यानं पिशवीतून कापड काढून तिच्या मांडीवर टाकलं. डोक्याचा पट्टा होता. कोंदानं तो चाचपला. विणकर सुताला हात लावतो तसा नव्हे, आंधळा माणूस चेहऱ्याला लावतो तसा. हातभर लांब. मिशा टोकापर्यंत. पाठीला बाक.

"कुठे मिळालं?"

"दुकानात. बाजाराच्या मागे परदेशी लोक उतरतात ना, तिथल्या. भिंतीवर ओळीनं लावलेत. मी म्हटलं, अरे, ही तर आपल्या आईची. दुकानदार म्हणाला तुमच्याच गावची बाई विणून देते. मला वाटलं तूच देत असशील, गुपचूप." तो हसला. "मला सांगितलं असतंस तर मी भाव तरी वाढवून घेतला असता."

कोंदानं पट्टा दारातल्या उजेडात डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. मग उलटा करून पाहिला, आपण चुकीच्या बाजूनं तर धरला नाही ना म्हणून. मग पुन्हा सुलटा केला. कोळंबीचा बाक उजवीकडे होता.

तिनं ओळ नेहमी डाव्या हातानं सुरू केली होती. आईनंही. जी पाठीशी उभी राहून शिकली असती तिची कोळंबी डावीकडेच वळली असती. जिनं नमुना चोरला असता तिचीही. समोरून पाहणारीला मात्र डावी बाजू उजवी होते. उजवीकडे वळलेली कोळंबी म्हणजे कुणीतरी समोर बसून शिकलं होतं.

समोर एकच बाई बसत होती.

"ताई, काय झालं? नको का हे?"

"राहू दे इथे," कोंदा म्हणाली.

हुंगा गेला. ती तुंगूच्या कोपऱ्यात जाऊन बसली. त्याला गावातलं सगळं सांगायची तिला सवय होती. हे सांगता येईना. आपल्या पाठीमागे कोण उभं आहे याकडे तिनं जन्मभर लक्ष ठेवलं होतं. लहान मुली जवळून गेल्या तरी कापडावर हात ठेवायची. आणि रोज दुपारी तोंड उघडं टाकून बसायची.

मग ती उठली. पट्टा घेऊन बाबांगच्या घरी गेली. बाबांग अंगणात मक्याचे दाणे सोलत होती. कोंदानं पट्टा दाण्यांवर टाकला.

"हे तू विणलंस."

बाबांगचे हात थांबले. "कोण म्हणतं?"

"कोळंबी उजवीकडे वळलीय."

बाबांगनं खाली पाहिलं. खरोखर पाहिलं, पहिल्यांदा पाहावं तसं. "मग कुठे वळायला हवी?"

कोंदाच्या ध्यानात आलं की हिला हे ठाऊकच नाही. त्या घराण्याचं कापड हिनं कधी उलगडलेलं पाहिलेलंच नव्हतं. अख्खी कोळंबी हिनं तोंडावरून उचलली होती. क्षणभर कोंदाला चक्क नवल वाटलं.

"कधीपासून?"

"मी चोरली नाही, कोंदा."

"कधीपासून विचारलं मी."

"तुझ्यासमोर बसून चावायचे. दोघींची तोंडं एकदमच चालायची. घरी आले तरी माझं चालत राहायचं. डावीकडे चार, उजवीकडे एक. स्वयंपाक करताना, निजताना. नवरा म्हणायचा, हिला झोपेतपण विडा लागतो. एक दिवस रिकाम्या मागावर बसले आणि हात तोंडामागे गेले. मी बोलावलं नव्हतं त्यांना."

"आणि दुकानातपण हातच चालत गेले?"

बाबांगनं मक्याचं कणीस उचललं आणि परत ठेवलं. "एक विणला होता. स्वतःपुरता. ट्रंकेत ठेवला होता. माझ्या नातवाबरोबर तो दुकानदार आला होता जुनी कापडं बघायला, त्याच्या नजरेस पडला. त्यानं आणखी मागितले."

"तू दिलेस."

"तुझी नक्षी तुझ्याबरोबर दगडाखाली जाणार होती. मुलगी नाही, सून नाही. कुणाला शिकवत नाहीस. मला वाटलं..."

"ती जायचीच होती. मला न्यायची होती ती."

बाबांगनं सांडलेले दाणे हातानं गोळा केले.

"आणि दाढा काढल्यावर?" कोंदा म्हणाली. "मी दिवसच्या दिवस मागावर दगडासारखी बसत होते. तू समोर होतीस. तुला पुढची ओळ येत होती. माझ्यासमोर बसून तू विडा कुटत होतीस. बारीक."

"तुला दुखत होतं म्हणून."

"मी चावू नये म्हणून."

"तसं नव्हतं, कोंदा."

"मग कसं होतं?"

कोंबड्या दाण्यांवर आल्या, बाबांगनं त्या हाकलल्या नाहीत.

"मला खरंच माहीत नाही," ती म्हणाली.

ती खोटं बोलली असती तर कोंदाला सोपं गेलं असतं. ती पट्टा घेऊन घरी आली.

दफन तोंडावर आलं होतं. कोंदानं विकतच्या पट्ट्यावरून विणून पाहिलं. उजवीकडचं डावीकडे करत, बोटांनी धागे मोजत. एका हातानं मोजायचं, दुसऱ्यानं उचलायचं. पण मोजलेलं उचलेपर्यंत टिकत नव्हतं. रिकाम्या तोंडानं आकडे डोक्यात राहतच नव्हते. चाळणीत पाणी ओतल्यासारखे जात. दोन दिवस तिनं विणलं आणि उसवलं.

हुंगा येऊन बघून गेला. "मग हाच बांधू या ना विकतचा. बाक इकडे काय नि तिकडे काय. कोण बघतंय?"

"आई बघेल."

"आईला मी सांगतो समजावून. जन्मभर माझं ऐकलं नाही तिनं, आता तरी ऐकेल."

कोंदाला हसू आलं नाही. तुंगू कोपऱ्यात बसला होता, कापडांच्या ढिगात, डोकं अजून उघडं. तो तिकडे दारात उभा राहील आणि कुणी त्याला आत घेणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तो काही बोलणारही नाही. चेष्टा करून वेळ मारून नेईल आणि बाहेरच बसेल.

तिनं शेजारच्या पोरीकडून निरोप धाडला. बाबांगला म्हणावं, टोपली घेऊन ये.

बाबांग आली. नेहमीच्या जागी, मागाच्या पलीकडे बसायला गेली.

"तिथे नको. जवळ बस. मला दिसत नाही," कोंदा म्हणाली. "गाल पुढे कर. तू चाव, मी हातानं बघते. ओळ झाली की थांब, मी विणते."

बाबांगनं सुपारी फोडली. शेंग मोडली. चुना लावला. विडा तोंडाशी नेला आणि थांबली.

"आधी एक सांग."

"काय?"

"राग गेला म्हण."

कोंदानं मागाकडे पाहिलं. मिशा होत्या, त्याच्यापुढे नुसता ताणा.

"तुझा राग घेऊन मी चावू शकत नाही, कोंदा. तोंड चालणार नाही माझं. म्हण ना. एवढी वर्षं गेली आपली."

"राग नाही," कोंदा म्हणाली.

बाबांगनं हात पुढे केला आणि कोंदाच्या जबड्यावर ठेवला. कानाखाली, जिथे हाडाचा सांधा असतो. कोंदा हलली नाही. बाबांगचा तळवा गरम होता. सांधा दगडासारखा आवळलेला होता, हे कोंदाला त्या तळव्यामुळेच जाणवलं. सैल करायचा तिनं प्रयत्न केला. झाला नाही.

बाबांगनं हात काढून घेतला. विडा तोंडात घातला आणि चावायला लागली.

कोंदानं तिच्या दोन्ही गालांवर हात ठेवले. चाळीस वर्षांत तिनं या बाईच्या तोंडाला हात लावला नव्हता. सुरकुत्यांखाली विडा इकडून तिकडे फिरत होता. उचल, उचल, सोड. उचल, सोड, सोड, सोड. ओळ संपली. कोंदानं हात काढले, धागे उचलले, काडी घातली, बाण्याचा धागा ओढला, फळी ठोकली. हात परत गालांवर.

असे दिवस गेले. दोघी बोलत नव्हत्या. जाणारे येणारे बघायचे आणि काही न विचारता पुढे जायचे. डोकं अर्धं आलं. खालचे पहिले पाय दिसू लागले. कोंदा ओळ डावीकडून सुरू करत होती, तिच्या हातांना दुसरं येतच नव्हतं, आणि बाक डावीकडे येत होता.

मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की तिचं स्वतःचं तोंड हलतंय. रिकामं. हिरडीवर हिरडी, दुखेल न दुखेल एवढीच. बाबांगच्या गालाबरोबर चालता चालता ते एका ओळीत पुढे निघालं. बाबांगचा विडा अजून डावीकडे होता, कोंदाचा जबडा उजवीकडे गेला, आणि मग बाबांगचाही गेला. पुढची ओळ तिनं हात न लावता विणली. बोटं चालत होती. आई शेजारी बसून चावत असावी तसं वाटत होतं.

तरी तिनं हात गालांवर ठेवले. खात्री करायची होती.

डोळ्याची ओळ आली. डोळा पोकळ. कोंदाच्या जबड्यानं सोड म्हटलं, आणि तळव्याखाली बाबांगचा गाल उचल म्हणाला. कोंदानं हात तसेच ठेवले. तिला कळलं काय झालं होतं ते. या ओळीवर ती नेहमी थांबायची, चुना कमी पडलेला असायचा, डबीतून बोटानं घेऊन डाव्या गालात लावायची. बाबांगनं तो चावा समजून मोजला होता. हुंगानं आणलेल्या पट्ट्यात कोंदानं बाकच तेवढा पाहिला होता, डोळ्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. म्हणजे दुकानातल्या भिंतीवरच्या सगळ्या कोळंब्यांचे डोळे भरलेले होते. सगळ्या आंधळ्या होत्या. बाबांगच्या ट्रंकेतलीही. उद्या ती कुणाला शिकवील तीही.

"झाली ओळ," बाबांग म्हणाली. "घे विणून."

कोंदानं धागे सोडले. डोळा पोकळ ठेवला.

बाबांगनं पुढे वाकून पाहायचा प्रयत्न केला नाही. ती अजूनही रीत पाळत होती. तिनं थुंकी टाकली, तोंड पुसलं. "बरोबर येतंय ना सगळं?"

"बरोबर येतंय."

"चुकत असलं तर सांग हो. मी तुझ्या तोंडावरून उचललेलं. एखादी ओळ हुकली असेल."

तिच्या आवाजात काही नव्हतं. ती खरंच विचारत होती. कोंदाला एकदा वाटलं, सांगावं. जिभेवर आलं होतं. एवढं एकच सांगायचं होतं, डोळ्यात सोड.

"काही हुकलेलं नाही," ती म्हणाली. "आता उद्यापासून येऊ नकोस. पुढचं मला येतंय."

बाबांग टोपली भरायला लागली. अडकित्ता, डबी, उरलेल्या शेंगा. भरता भरता थांबली.

"दफनाला?"

"दफनाला ये," कोंदा म्हणाली. "सगळं गावच येणार आहे."